व्हायकिंग राजघराण्यांची वंशावळ कशी काढायची? नवीन लोकांसाठी, अगदी पहिल्या कागदापासून

व्हायकिंग राजांची वंशावळ काढायची म्हटलं की जवळजवळ सगळेच रॅग्नार लोथब्रोक या दंतकथेतल्या राजापासून सुरू करतात, कारण तेच नाव डोक्यात बसलेलं असतं, आणि मग त्याच्याखाली मुलं, सुना, नातवंडं जोडत खाली येतात. मीही तसंच केलं होतं. चारेक महिन्यांत तीनशेच्या वर नावं झाली, झाड दिसायला फार सुंदर, आणि नंतर एकदा सुट्टीत बसून प्रत्येक नावापुढे "हे कुणी सांगितलं?" असं लिहायला घेतलं तर वरच्या पाच-सहा पिढ्यांपुढे लिहायला काहीच नव्हतं. ज्या ग्रंथांत ती नावं होती ते त्या माणसांनंतर साडेतीनशे-चारशे वर्षांनी लिहिलेले. सगळं पुसलं आणि परत खालून वर चढायला सुरुवात केली. तुमचे ते चार महिने वाचावेत म्हणून हे लिहितेय.

सुरुवातीचा व्हायकिंग काळ म्हणजे ढोबळमानाने ७९३ सालापासून, इंग्लंडच्या लिंडिसफार्न बेटावरच्या मठावर हल्ला झाला तिथपासून, पुढची दीड-दोनशे वर्षं. या काळातली राजघराणी बरीच आहेत, डेन्मार्कची, नॉर्वेची, स्वीडनची, डब्लिन आणि यॉर्कवर राज्य करणारी, नॉर्मंडीची, किएव्हची. सगळी एकदम घ्यायची नाहीत, एक घ्या. मी सगळ्या नवीन लोकांना डेन्मार्कचं येलिंगचं घराणं घ्यायला सांगते, कारण या एका घराण्यात बाप-लेकाचं नातं त्यांनी स्वतःच, त्यांच्याच हयातीत, दगडावर कोरून ठेवलंय. असा पुरावा त्या काळात दुसऱ्या कुठल्याही उत्तरेकडच्या राजाचा मिळणं फार कठीण. खालची सगळी पद्धत मी याच घराण्यावर करून दाखवते, मग तुम्ही ती कुठेही वापरा.

पहिली पायरी: खालच्या पक्क्या माणसापासून वर

आपल्याकडे कुलवृत्तांत काढताना आधी स्वतःचं नाव, मग वडील, आजोबा, पणजोबा असं वर जातात ना, तसंच. फक्त इथे "स्वतः"च्या जागी असा राजा ठेवायचा ज्याच्याबद्दल शंका नाही. येलिंगसाठी तो माणूस म्हणजे स्वेन एस्ट्रिडसेन, १०४७ पासून डेन्मार्कचा राजा. याच्यापासून सुरू करायचं कारण असं की ब्रेमेनचा ॲडम नावाचा पाद्री याला प्रत्यक्ष भेटला होता, याच्या तोंडून माहिती घेतली आणि १०७५ च्या आसपास आपला ग्रंथ लिहिला. म्हणजे घरातल्या माणसाची जबानी आहे.

एका कोऱ्या कागदावर खाली स्वेन लिहा. त्याच्या वर बापाचं नाव लिहायला हात जाईल, पण थांबा, नावच बघा: एस्ट्रिडसेन म्हणजे एस्ट्रिडचा मुलगा, आणि एस्ट्रिड ही आई. बाप उल्फ हा सरदार होता, राजेपणाचा हक्क आईकडून आला म्हणून हा आईच्या नावाने ओळखला गेला. इथेच नवीन लोकांची पहिली चूक होते, सॉफ्टवेअर आपोआप वडिलांची रेघ वर नेतं आणि राजघराणं भलतीकडे जातं.

एस्ट्रिडचा बाप स्वेन, ज्याला दुहेरी दाढीमुळे फोर्कबियर्ड म्हणतात, इंग्लंड जिंकून १०१४ मध्ये वारला. तिचा भाऊ क्नुट, जो पुढे इंग्लंड, डेन्मार्क, नॉर्वे तिन्हीचा राजा झाला आणि १०३५ मध्ये गेला. स्वेनचा बाप हॅराल्ड, तोच ब्लूटूथ, आपल्या मोबाईलमधल्या ब्लूटूथला ज्याचं नाव दिलंय आणि ज्याचं चिन्हही त्याच्या नावाच्या दोन रून अक्षरांपासून (रून म्हणजे उत्तरेकडच्या लोकांची जुनी लिपी) बनवलंय. हॅराल्डचे आईबाप गोर्म आणि थायरा. झालं, चार पिढ्या वर गेलात आणि सगळ्या दुव्यांना आधार आहे.

आता प्रत्येक रेघेशेजारी तीन गोष्टी लिहायच्या. हे कोण सांगतंय, घटनेनंतर किती वर्षांनी सांगतंय, आणि असं सांगण्यात त्याचा काही फायदा होता का. एक्सेलमध्ये तीन कॉलम केलेत तरी चालेल, मी अजून वहीच वापरते. आणि रेघ काढताना पक्की असेल तर सरळ, बहुतेक असेल तर तुटक, आणि फक्त उशिराच्या कथेत असेल तर पेन्सिलने. ही सवय पहिल्या दिवसापासून लावा, नंतर तीनशे नावांना लावणं होत नाही, मी करून बघितलंय.

दुसरी पायरी: दगड स्वतः वाचा

येलिंग हे डेन्मार्कच्या जटलंड भागातलं छोटं गाव, तिथल्या चर्चच्या दारात दोन दगड उभे आहेत, १९९४ पासून युनेस्कोच्या यादीत. भाषांतरावर थांबू नका, मूळ अक्षरं बघा, त्यात खूप काही आहे. लहान दगडावरचा मजकूर उच्चारी लिहिला तर असा होतो:

कुर्मर कुनुकर कर्थी कुब्ल थुसी अफ्त थुरुई कुनु सिना तन्मार्कर बुत

म्हणजे: गोर्म राजाने ही स्मारकं केली, आपली बायको थायरा हिच्यासाठी, जी डेन्मार्कचं भूषण. आता "गोर्म"चं "कुर्म" का झालं? त्या काळच्या रून लिपीत अक्षरं फक्त १६ होती, क आणि ग ला एकच खूण, त आणि द ला एकच, उ आणि ओ लाही एकच. "दन्मार्क" म्हणून "तन्मार्क" दिसतं. हे कळलं की पुढे कुठल्याही दगडावर नाव शोधताना तुम्ही अडत नाही. आणि एक गोष्ट, हा मजकूर डेन्मार्क हे नाव खुद्द डेन्मार्कमध्ये लिहिलेलं सगळ्यात जुनं सापडलेलं उदाहरण आहे, म्हणजे देशाचं नाव तिथे पहिल्यांदा लिहिलं गेलं ते एका बायकोच्या आठवणीत. मला दरवेळी वाचताना भरून येतं.

मोठा दगड हॅराल्डचा: हॅराल्ड राजाने हे स्मारक बाप गोर्म आणि आई थायरा यांच्यासाठी करवलं, तो हॅराल्ड ज्याने सगळा डेन्मार्क आणि नॉर्वे जिंकला आणि डेन लोकांना ख्रिस्ती केलं. वंशावळीच्या दृष्टीने बघा, एका वाक्यात मुलगा, बाप, आई तिघं, आणि बोलणारा स्वतः मुलगा. तीन कॉलम भरले तर: कोण सांगतंय, हॅराल्ड, किती वर्षांनी, फार तर काही वर्षांनी, फायदा, हो, जिंकल्याची बढाई आहे, पण आईबापांच्या नावात खोटं बोलायचं कारण दिसत नाही. सरळ रेघ.

तारीख कुठून मिळते? दगडावर साल नसतं. पण चर्चच्या उत्तरेकडच्या टेकाडात लाकडी थडग्याची खोली सापडली, त्या लाकडाच्या वर्षकड्या मोजून झाडं ९५८-५९ च्या हिवाळ्याच्या सुमारास तोडलेली निघाली. बहुतेक गोर्मचं दफन तेव्हाचं. "बहुतेक" हा शब्द वहीतही लिहायचा बरं का, थडग्यावर नाव नव्हतं.

आणि हे दोनच दगड बघून थांबू नका. जवळच लेबोर्ग आणि बेके इथल्या दगडांवर राव्हनुंगे-तुए नावाचा माणूस येतो, लेबोर्गच्या दगडावर तो म्हणतो की मी ह्या रून थायरासाठी, माझ्या राणीसाठी कोरल्या. ही थायरा तीच का, यावर वर्षानुवर्षं वाद होता. २०२३ मध्ये कोरीव कामाच्या थ्रीडी स्कॅनवरचा अभ्यास छापून आला, छिन्नीचे घाव कसे बसलेत ते मोजून असं निघालं की लेबोर्गचा दगड आणि येलिंगचा मोठा दगड एकाच हाताचे आहेत. म्हणजे ती राणी बहुतेक तीच, आणि मग चार दगडांवर नाव असलेली ही बाई त्या काळच्या डेन्मार्कमधल्या कुठल्याही पुरुषापेक्षा जास्त दगडांवर आहे. तुटक रेघ अशी नव्या पुराव्याने जाड होत जाते, म्हणून जुनी पुस्तकं वाचून झाली की नवीन काय आलंय तेही बघत जा.

सगळे दगड स्वीडनच्या उप्साला विद्यापीठाच्या रून डेटाबेसमध्ये फुकट शोधता येतात, प्रत्येक दगडाला नंबर असतो, तो नंबरच वहीत लिहायचा, "इंटरनेटवर वाचलं" असं लिहायचं नाही.

तिसरी पायरी: आयांची नावं, इथे सगळ्यात जास्त गोंधळ

बापाची रेघ काढून लोक खूश होतात आणि आईच्या जागी जी बाई सापडेल ती चिकटवतात. दोन उदाहरणं देते, दोन्ही याच घराण्यातली.

सॉनर व्हिसिंग गावच्या चर्चमध्ये एक दगड आहे, त्यावर लिहिलंय की तोवे, मिस्तिवोयची मुलगी, गोर्मचा मुलगा हॅराल्ड द गुड याची बायको, हिने आपल्या आईसाठी हे स्मारक केलं. मिस्तिवोय हा बाल्टिक किनाऱ्यावरच्या ओबोट्राइट या स्लाव्ह लोकांचा राजा. म्हणजे ब्लूटूथची एक बायको स्लाव्ह राजकन्या होती, हे दगडावर आहे, पक्कं. पण ऑनलाइन झाडांवर बघाल तर हिलाच फोर्कबियर्ड स्वेनची आई केलेलं असतं. दगड तसं म्हणत नाही! दगड फक्त बायको म्हणतो. ॲडम तर हॅराल्डच्या बायकोचं नाव गुनहिल्ड देतो. मग वहीत काय लिहायचं? तोवे ते हॅराल्ड सरळ रेघ, तोवे ते स्वेन रेघ नाही, आणि शेजारी टीप.

दुसरं उदाहरण फोर्कबियर्ड स्वेनच्या बायकोचं. आइसलँडचा स्नोरी स्टुर्लुसॉन १२३० च्या आसपास लिहितो की स्वेनची बायको सिग्रिड, गर्विष्ठ सिग्रिड, स्वीडनच्या राजाची विधवा, जिने लग्नाला आलेले राजे घरात कोंडून जाळले वगैरे. गोष्ट जबरदस्त आहे आणि म्हणून सगळीकडे तीच आहे. पण मेर्झेबुर्गचा बिशप थिटमार, जो १०१८ मध्ये वारला म्हणजे क्नुटच्याच काळात लिहीत होता, तो सांगतो की स्वेनची बायको, म्हणजे क्नुटची आई, पोलंडच्या मिएश्कोची मुलगी आणि बोलेस्वावची बहीण होती, नाव देत नाही. दोनशे वर्षांनंतरची नाव असलेली गोष्ट, आणि त्याच काळातली नाव नसलेली नोंद. दुसरी जड. मग पुस्तकांत त्या बाईचं नाव "श्वेंतोस्वावा" येतं ते कुठून? इंग्लंडात विंचेस्टरच्या मठाची एक नोंदवही आहे, ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांची नावं, त्यात "सान्तस्लावे, आमच्या क्नुट राजाची बहीण" अशी एक ओळ आहे. क्नुटच्या बहिणीचं नाव स्लाव्ह, मग ते आईकडून आलं असेल, कदाचित आईचंच असेल, असा तर्क. तर्क चांगला आहे, पण तर्कच आहे. एका ओळीवर एका राणीचं नाव उभं आहे हे तुमच्या वहीत दिसलं पाहिजे.

चौथी पायरी: वय मोजा

यासाठी काहीही लागत नाही, कागद-पेन्सिल बस. एक पिढी म्हणजे साधारण २५ ते ३० वर्षं धरायची आणि आईचं वय वेगळं तपासायचं.

थायराचा बाप कोण? स्नोरी म्हणतो जटलंडचा क्लाक-हॅराल्ड. ओळखीचं नाव, कारण फ्रँक लोकांच्या (आजच्या फ्रान्स-जर्मनीवर तेव्हा राज्य करणाऱ्यांच्या) बखरीत हॅराल्ड क्लाक नावाचा डेन राजा आहे, ८२६ मध्ये जर्मनीत बाप्तिस्मा घेतलेला. खूप जण डोळे मिटून दोघांना एक करतात आणि थायराला त्याची मुलगी. आता मोजा. ८२६ मध्ये तो राजा म्हणजे कर्ता पुरुष होता. मुलगी अगदी ८४५ ला झाली धरली तरी येलिंगचं थडगं बांधलं तेव्हा ती ११० च्या पुढे, आणि तिचा मुलगा ब्लूटूथ तर ९८५-८७ पर्यंत जिवंत. शक्यच नाही. सॅक्सो नावाचा डेन लेखक १२०० च्या सुमारास म्हणतो की थायरा इंग्लंडच्या एथेलरेडची मुलगी. पहिला एथेलरेड ८७१ मध्ये वारला, दुसरा जन्मला तेव्हा गोर्म जाऊन काही वर्षं झाली होती. तोही बसत नाही. म्हणून थायराचा बाप: रिकामं. हे रिकामं खूप मेहनतीने मिळालेलं असतं, ते भरायची घाई करू नका.

असंच किएव्हकडे करून बघा. रशियाची जुनी बखर म्हणते रुरिक ८६२ मध्ये आला, ८७९ मध्ये वारला, मागे लहान मुलगा इगोर. इगोर मारला गेला ९४५ मध्ये आणि त्याचा मुलगा तेव्हा पोरसवदा. म्हणजे साठी ओलांडल्यावर मूल, तेही त्या काळात. अशक्य नाही, पण मधली एखादी पिढी गळलीय किंवा जोडलीय अशी शंका घ्यायला जागा आहे, तर तुटक रेघ.

पाचवी पायरी: गोर्मच्या वर जाताना शेजाऱ्यांची दप्तरं

इथून वर उत्तरेकडच्या लोकांनी स्वतः लिहिलेलं जवळजवळ नाही, म्हणून शत्रूंनी आणि शेजाऱ्यांनी काय लिहिलं ते बघायचं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फ्रँक राजांच्या दरबारातल्या वर्षवार नोंदी. त्यात डेन राजा गॉडफ्रेड ८०४ मध्ये येतो, ८०८ मध्ये रेरिक नावाचं व्यापारी बंदर उद्ध्वस्त करून तिथले व्यापारी उचलून स्वतःकडे हेडेबी या व्यापारी गावात आणतो, ८१० मध्ये स्वतःच्याच माणसाकडून मारला जातो. मग हेमिंग, ८११ मध्ये फ्रँकांशी तह करणारा. मग ८१२ मध्ये सिगफ्रेड आणि अनुलो गादीसाठी लढून दोघंही मरतात. मग हॅराल्ड क्लाक आणि त्याचे भाऊ, आणि शेवटी गॉडफ्रेडचे मुलगे परत येऊन गादी घेतात, त्यातला होरिक ८५४ मध्ये मारला जाईपर्यंत राज्य करतो.

इथे मराठीत लिहिणाऱ्यांनी खास काळजी घ्यायची. हेमिंगबद्दल लॅटिनमध्ये स्पष्ट लिहिलंय की तो गॉडफ्रेडच्या "भावाचा मुलगा", म्हणजे पुतण्या, प्रश्न मिटला. पण सिगफ्रेडला गॉडफ्रेडचा "नेपोस" म्हटलंय आणि अनुलोला आधीच्या एका हॅराल्डचा "नेपोस". नेपोस म्हणजे भावाचा मुलगा, बहिणीचा मुलगा किंवा नातू, तिन्ही. इंग्रजी पुस्तकात "नेफ्यू" येतं आणि आपण मराठीत सहज "पुतण्या" लिहून मोकळे होतो, आणि त्या एका शब्दाने आपण ठरवून टाकतो की नातं बापाकडून होतं, जे मुळात कुणीच सांगितलेलं नाही. मी आता सरळ "नेपोस" असंच लिहिते, पुतण्या/भाचा/नातू असा पर्याय देऊन.

८५४ नंतर होरिक दुसरा, मग ८७३ मध्ये सिगफ्रेड आणि हाल्फडान हे राजे भाऊ, ८९१ मध्ये आजच्या बेल्जियममध्ये ल्यूव्हनच्या लढाईत सिगफ्रेड आणि गॉडफ्रेड नावाचे राजे पडतात, आणि यांची एकमेकांशी नाती काय हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. नंतर हेडेबीजवळ दोन दगड मिळतात, आस्फ्रिड नावाच्या आईने मुलगा सिगट्रिग याच्यासाठी उभारलेले, बाप ग्नुपा. हाच ग्नुपा जर्मन लेखक विदुकिंडकडे ९३४ च्या सुमारास जर्मन राजाकडून हरून बाप्तिस्मा घेताना दिसतो, आणि ॲडम सांगतो की हे घराणं स्वीडनहून आलेलं. मग गोर्म. गोर्मचा आणि गॉडफ्रेडचा संबंध? कुठलाच पुरावा नाही. ऑनलाइन झाडांवर मात्र गॉडफ्रेडपासून गोर्मपर्यंत अखंड साखळी मिळेल, ती बघितली की लगेच ओळखायचं की मधल्या कड्या उशिराच्या गोष्टींतून आणल्यात.

सहावी पायरी: एकच माणूस पाच नावांनी

ओलाफ आयरिश नोंदीत आमलीव्ह होतो आणि इंग्रजांकडे आन्लाफ. सिगट्रिगचा आयरिशमध्ये सित्रिउक, इंग्रजांकडे सिह्ट्रिक. इव्हारचा ईव्हर. हॅराल्ड लॅटिनमध्ये हेरिओल्डुस. गोर्म ॲडमकडे व्हुर्म. वहीच्या मागच्या पानावर अशी यादी करत जा, महिन्याभरात ती तुमची सगळ्यात कामाची गोष्ट होते.

डब्लिनच्या घराण्यासाठी आयर्लंडच्या अल्स्टर वर्षनोंदी बघायच्या, कॉर्कच्या विद्यापीठाच्या साइटवर मूळ आणि भाषांतर दोन्ही फुकट आहे. तिथे एक खाच आहे: या काळात त्यातलं साल एक वर्षाने मागे असतं, ८७२ खाली लिहिलेलं ८७३ चं धरायचं. तिथेच ८७३ मध्ये "आयर्लंड आणि ब्रिटनमधल्या सगळ्या नॉर्स लोकांचा राजा ईव्हर वारला" अशी नोंद आहे. नंतरचे राजे, सित्रिउक, राग्नाल, यांना नोंदी "ऊआ ईव्हर" म्हणतात, ऊआ म्हणजे नातू. मुलगा असता तर "मॅक" लिहिलं असतं. म्हणजे हे ईव्हरचे नातू, आणि मधला बाप कोण हे लिहिलेलं नाही. मुलाचे मुलगे की मुलीचे, तेही नाही. इतक्या प्रसिद्ध घराण्यात या नातवांच्या बापाची जागा रिकामी आहे, आणि प्रामाणिक वंशावळीत तिथे फक्त एक प्रश्नचिन्ह आणि दोन खाली जाणाऱ्या रेघा दिसतात. याच ईव्हरला रॅग्नारचा मुलगा म्हणणारे ग्रंथ नंतरचे, ११व्या शतकापासून पुढचे. म्हणून रॅग्नारला वर ठेवायचंच असेल तर पेन्सिलने.

सातवी पायरी: सागा वाचा, पण बखर समजून

सागा म्हणजे राजांच्या आणि वीरांच्या, बऱ्याच नंतर लिहिलेल्या आइसलँडी कथा. त्या टाकून द्यायच्या नाहीत. आपण बखरी टाकतो का? बखरीत प्रसंग असतात, माणसं कशी आठवली गेली ते असतं, पण तारीख आणि नातं अस्सल पत्राशी ताडून घेतो. तसंच इथे.

नॉर्वेचं घराणं घ्यायचं तर ते जवळजवळ सगळं सागांवर उभं आहे. सुंदर केसांचा हॅराल्ड, त्याने हाफ्र्सफ्योर्डची लढाई जिंकून नॉर्वे एक केलं, आणि नंतरचे सगळे राजे स्वतःला त्याचे वंशज म्हणवतात. ८७२ हे साल तर इतकं रूढ झालं की १८७२ मध्ये हजार वर्षांचं स्मारकही उभारलं, पण ते सागांतल्या वर्षांची बेरीज-वजाबाकी करून काढलेलं आहे, आताचे अभ्यासक लढाई आणखी दहा-वीस वर्षं पुढे धरतात. संत ओलाफ किंवा हॅराल्ड हार्ड्राडा हे नॉर्वेचे नंतरचे राजे खरंच त्याचे वंशज का, यावर आज बऱ्याच इतिहासकारांना शंका आहे, कारण गादीवर हक्क सांगायला ती रेघ हवीच होती. तिसरा कॉलम, फायदा कुणाचा, इथे कामाला येतो.

गुनहिल्डचं बघा, सुंदर केसांच्या हॅराल्डच्या मुलाची, एरिक ब्लडॲक्सची बायको. सागांत ती उत्तरेकडच्या ओझुर तोती नावाच्या माणसाची मुलगी, फिन जादूगारांकडे राहून जादू शिकलेली. पण "हिस्टोरिया नॉर्वेगिए" हा सागांपेक्षा जुना छोटा लॅटिन ग्रंथ तिला गोर्मची मुलगी म्हणतो, म्हणजे ब्लूटूथची सख्खी बहीण. नवरा गेल्यावर तिच्या मुलांना डेन्मार्कने आसरा दिला, सैन्य दिलं, ते या नात्याने एकदम समजतं. मला हे दुसरं पटतं, तरी रेघ तुटकच ठेवलीय.

स्वीडनच्या जुन्या राजांची यादी, तो मधाच्या दारूच्या पिंपात बुडून मेलेला फ्योल्नीर, दीर्घायुष्यासाठी मुलगे बळी देणारा आउन, ही देवांपर्यंत जाते. आइसलँडचा आरी हा त्या काळातला सगळ्यात काटेकोर लेखक, पण त्यानेही स्वतःच्या पूर्वजांची यादी दिली तेव्हा पहिलं नाव तुर्कांचा राजा इंग्वी, मग न्योर्ड, मग फ्रेय. आपल्याकडे राजघराणी सूर्यवंश-चंद्रवंशाला जाऊन मिळतात तसंच. या भागाला वेगळा कागद करा, मूळ झाडाला जोडू नका. आणि राजांच्या नावापुढच्या आकड्यांवरही जाऊ नका, स्वीडनच्या एरिक चौदाव्याने तो आकडा १६व्या शतकात एका काल्पनिक इतिहासातल्या राजांना मोजून लावला होता.

डीएनएबद्दल, कारण हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो

परदेशात राहणारे किंवा तिकडे सोयरीक झालेले आपले लोक विचारतात की टेस्टमध्ये स्कँडिनेव्हियन टक्के आले, मग राजघराणं शोधता येईल का. त्या टक्क्यांवरून नाही. गोर्म आपल्यापासून ३५ ते ४० पिढ्या मागे आहे, एका पूर्वजाचा डीएनए इतक्या पिढ्यांत बहुतेक वेळा उरतच नाही. कागदाने स्वतःपासून वर जात जात आधी १५००-१६०० पर्यंत पोचावं लागतं.

जुन्या हाडांवरच्या टेस्ट मात्र कमाल करतात, आणि जास्त करून नातं मोडण्यातच. रोस्किल्डच्या कॅथेड्रलमध्ये खांबांत राजा-राण्या पुरलेत, एका खांबावर स्वेन एस्ट्रिडसेन, दुसऱ्यावर त्याची आई एस्ट्रिड. दोघांच्या दातांतला आईकडून येणारा डीएनए तपासला, निकाल २००७ मध्ये छापला, तो जुळला नाही. आईचा तो डीएनए मुलात जसाच्या तसा यायला हवा, म्हणजे त्या खांबातली बाई स्वेनची आई नाही. एस्ट्रिड आई होती हे नातं ॲडममुळे तसंच पक्कं राहिलं, चुकली ती खांबावरची पाटी. नॉर्मंडीत तिथलं घराणं सुरू करणाऱ्या रोलोचा नातू आणि पणतू, दोन्ही रिचर्ड, यांची म्हणून ठेवलेली हाडं २०१६ मध्ये काढली, रोलो डेन की नॉर्वेचा हा जुना वाद मिटेल म्हणून, तर हाडं त्यांच्याही बऱ्याच आधीची निघाली.

शेवटी सॉफ्टवेअर. ग्रॅम्प्स हे फुकट आहे आणि त्यात प्रत्येक पुराव्याला भरवसा किती ते कमी-जास्त असं नोंदवता येतं, आपल्या सरळ आणि तुटक रेघांचं काम तिथे होतं. दुसऱ्याचं झाड आख्खं इंपोर्ट करू नका, एका मोठ्या साइटवरून मी केलं होतं आणि त्यात एक बाई स्वतःच्याच नातवाची मुलगी झाली होती, ते निस्तरायला दोन रविवार गेले. एकेक माणूस, एकेक दुवा, हाताने भरा.

येलिंगचं पान पूर्ण झालं की वरचं टोक असं दिसायला हवं: गोर्म, मृत्यू बहुतेक ९५८-५९, बायको थायरा, दगडावर, थायराचा बाप, रिकामं, गोर्मचा बाप, हार्थाक्नुट, प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्ह एवढ्यासाठी की ॲडमच्या हस्तलिखितात "हार्देक्नुड व्हुर्म" अशी दोन नावं नुसती शेजारी शेजारी आहेत, बाप-लेक म्हणून वाचायची की एकाच माणसाची हे वाचणाऱ्यावर आहे. पण क्नुटने आपल्या मुलाचं नाव हार्थाक्नुट ठेवलं, आणि त्या घरात नावं परत परत येतात, म्हणून मी ते नाव पेन्सिलने का होईना, ठेवलंय.